दुसऱ्या पेरापर्यंत

मगदूम मॅडमची बदली झाली गोंदियाला,
आणि झाड आलं माझ्याकडे.
ट्रकमध्ये बसत नव्हतं म्हणाल्या. बसलं असतं.
छताला चार बोटं कमी, फांद्या खाली ओघळलेल्या,
पानं चकचकीत, टोकाशी जरा वळलेली.
"काका, हे फायकस. वडाच्याच घरातलं.
फक्त एक, याची जागा बदलायची नाही."
हे त्या सांगत होत्या
कुंडी त्यांच्या दारातून माझ्या दारात ढकलताना.

तिसऱ्या दिवशी पानं पडायला लागली.
हिरवीच. पिवळं व्हायलाही थांबली नाहीत.
रात्री दिवाणावर आडवा झालो की ऐकू यायचं,
फरशीवर टप्.
मग बराच वेळ काही नाही.
मग टप्.
सकाळी केर भरताना मी मोजायचो.
चाळीस वर्षं मार्केट यार्डात पोती मोजली, हात राहत नाही.
एकशे बारा. अठ्ठ्याण्णव. एकशे चाळीस.

मी पाणी वाढवलं.
घाबरलेला माणूस दुसरं काय करतो?

कुपवाडच्या नर्सरीतला तौफिक नदाफ येऊन बघून गेला.
खोडाला नख लावलं.
सालीखाली ओलं हिरवं,
नखावर पांढरा चीक.
"जिवंत हाय. रुसलंय.
तुमीच पाजून मारायलाय त्याला.
बोट घाला मातीत, दुसऱ्या पेरापर्यंत.
कोरडं लागलं तरच पाणी.
आणि तो पंखा बंद करा वो."

बोट. दुसरं पेर.
मला हसू आलं.
हळदीचे सौदे आम्ही असेच केले,
रुमालाखाली हात, वर चेहरा कोरा,
या पेराला इतके, त्या पेराला तितके,
पंजा दाबला की मिटलं.
सगळा बाजार भोवती उभा,
आणि भाव दोघांनाच ठाऊक.

आता सकाळी, चहाच्या आधी,
कुंडीपुढं उकिडवा बसतो. गुडघा बोलतो, बोलू दे.
खांद्यावरचा टॉवेल हातावर ओढून घेतो,
उगाच, कोण बघतंय,
आणि बोटानं विचारतो.
ओलं आहे, म्हणतं. परवा ये.

गावभागातलं घर पुरानंतर विकलं.
भिंतीवर पाण्याची रेघ माझ्या खांद्याला लागत होती,
रंगाचे तीन हात दिले तरी वर यायची.
विश्रामबागेत तिसरा मजला मीच हट्टानं घेतला,
आणि आठ महिने कुणाशी बोललो नाही.
मालन होती तेव्हा.
ताटात उरलेली भाकरी ती मोजायची,
मला कळू न देता.
मला कळायचं.

रविवारी ओल्या फडक्यानं पानं पुसतो,
खालून तळवा धरून, एकेक.
नळाचं पाणी आदल्या रात्रीच बादलीत काढतो,
औषधाचा वास उडून जावा म्हणून.
बशीत साचलेलं ओतून देतो.
झाड खिडकीकडे कललंय. कलू दे.
मी कुंडीला हात लावत नाही.

मॅडमचा फोन येतो कधी.
झाडाचं विचारतात, मग म्हणतात,
इथं ऊन फार, काका, जेवण जात नाही.
मी म्हणतो, होईल. पाणी बेतानं पीत जा.
त्यांनीच सांगितलं, याच्या इंग्रजी नावात रडणं आहे.
असेल.
रडायची रीत चांगली आहे,
एक आवाज,
मग बराच वेळ काही नाही.

काल केरात चारच पानं.
आज खिडकीच्या बाजूला, एका काडीच्या टोकाला
वातीसारखं वळलेलं, फिकट, टोकदार काही.
चष्मा पुसून पुन्हा बघितलं.
हात लावला नाही.

बोट घातलं.
पहिलं पेर कोरडं. दुसरंही कोरडं.
टॉवेलाखाली पंजा दाबला
आणि तांब्या आणायला उठलो.